बयाबाई चालत आली

१९९७ सालच्या फेब्रुवारीत गोजराबाई पहिल्यांदा माझ्याकडे अर्ज टाईप करायला आल्या. जुईनगर स्टेशनजवळ माझी टायपिंगची शाळा होती. सहा मशिनं, त्यातली दोन मराठी. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या तेव्हा सगळीकडे लागायला लागल्या होत्या आणि माझ्याकडे शिकायला येणारी मुलं कमी होत चालली होती, म्हणून रविवारी मी अर्ज, भाडेकरार, सोसायटीच्या नोटिसा असली कामंही घ्यायचो.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने सडसडीत. मागच्याच सेक्टरला सिडकोच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी संघप्रिया लग्न होऊन नांदेडला गेलेली. पावणे एमआयडीसीतल्या रबराच्या एका कारखान्यात त्या एकोणीस वर्षं कामाला होत्या. साच्यातून निघालेल्या वायसरच्या कडेला जो जादा रबर राहतो, तो ब्लेडने कापून काढायचा, हे त्यांचं काम. डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुने वण होते.

"लिहा मास्तर," त्या बाकावर टेकत म्हणाल्या. "संग्रहालयाच्या साहेबाला. तुमच्या पाटीवर खोटं लिहिलंय. ते काढा आन खरं लिहा. खाली माझं नाव, गोजराबाई."

"एवढंच?"

"एवढंच हाय."

मी सवयीप्रमाणे कागद चढवला आणि माझ्या मनाने टाईप करत गेलो. विषय, प्रदर्शनातील पाटीवरील किरकोळ त्रुटीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नसेल असं मी धरून चाललो होतो. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका अक्षराखाली बोट धरून सगळा अर्ज वाचला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

"हे त्रुटी म्हंजी काय?"

"चूक."

"चूक चुकून होती. आन किरकोळ कामून लिहिलं?"

मी सांगितलं, कडक लिहिलं की मोठे लोक चिडतात, मग काम होत नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "काम तर व्हायला पायजे," आणि सही केली. तो अर्ज तसाच गेला. त्याला उत्तर आलं नाही.

संग्रहालय सीवूड्सच्या बाजूला, दारावे गावाला लागून नव्याने उभं राहिलं होतं. वाशीच्या बाजारातले इंद्रजितराव म्हणून एक व्यापारी होते, मूळचे साताऱ्याचे. त्यांनी वडिलांच्या, हौसेरावांच्या, नावाने ट्रस्ट काढला आणि 'बंधमुक्ती संग्रहालय' बांधलं. माणसाला माणसाने बांधून ठेवलं आणि माणूस त्यातून सुटला, याच्या वस्तू, कागद, फोटो तिथं ठेवायचे होते. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. आफ्रिकेतून माणसं भरून नेणाऱ्या जहाजाची थर्माकोलची प्रतिकृती होती. वेठबिगारीचे करारनामे होते. वीटभट्ट्यांवरच्या कुटुंबांचे मोठाले फोटो होते. मधल्या दालनात काचेच्या पेटीत, गोजराबाईंनीच दिलेलं, त्यांच्या आईचं लोढणं होतं.

लोढणं म्हणजे उंडगं जनावर पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात बांधतात तो लाकडाचा ओंडका. हे बाभळीचं होतं, हातभर लांब, त्याला तीन हात साखळी आणि साखळीच्या टोकाला कापलेलं लोखंडी कडं. ते कडं गोजराबाईंच्या आईच्या, बयाबाईच्या, उजव्या पायात होतं.

उद्घाटनाच्या दिवशी गोजराबाईंना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला होता. भाषणं संपल्यावर त्या पेटीजवळ गेल्या आणि बोट धरून पाटी वाचली. "वेठबिगार स्त्रीच्या पायातील लोढणे. मराठवाडा, १९५३. या अबलेस कै. हौसेराव यांनी बंधनातून मुक्त केले."

"मायचं नाव बी न्हाई," त्या मला म्हणाल्या. "आन मुक्त केलं म्हनं. तिला कुनी केलं न्हाई."

हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं नाही. अर्जाच्या निमित्ताने त्या येत गेल्या, तसं तीन-चार रविवार मिळून कळलं. मी इथं सलग सांगतो.

गोदावरीच्या काठचं एक गाव. गोजराबाईंच्या बापाने दुष्काळात मालकाकडून ज्वारी आणली आणि त्यापायी त्याच्या वाड्यावर राबायला लागला. तीन वर्षांनी तापाने मेला. मालक म्हणाला, ज्वारी फिटली नाही, आता बायको राबेल. बयाबाई राबू लागली. एकदा तिची आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती न विचारता मातीला गेली आणि दोन दिवसांनी आपणहून परत आली. आली त्या दिवशी मालकाने लोहार बोलावून तिच्या पायात कडं घातलं आणि लोढणं जोडलं. ते ओढत ती शेण काढायची, दळायची, पाणी भरायची. असे चौदा महिने गेले.

"पळायचं तर अंधारात, असं सगळ्यायला वाटतं," गोजराबाई म्हणाल्या. "माय म्हनली, अंधारात साखळी वाजती. दिवसा बाजारात कोन ऐकतंय."

आठवडी बाजाराचा दिवस तिने धरला. मालक बाजारात, मालकीण माहेरी. भर दुपारी बयाबाईने लोढणं एका धडप्यात गुंडाळलं, तान्ह्या मुलाला घेतात तसं कडेवर घेतलं आणि वरून पदर ओढला. साखळी लुगड्याच्या आतून कमरेपर्यंत वर आली. गोजरा नऊ वर्षांची होती, तिचा भाऊ दत्तू चार वर्षांचा. तिघं वाड्याच्या मागच्या दाराने निघाली. गावाबाहेरची वाट बाजारातूनच जात होती, म्हणून मालक होता ती बाजू टाळून बाजारातून गेली.

"एक कासारीन व्हती. मायला वळखायची. म्हनली, बये, तुला लेकरू कवा झालं, बघू दे. मायच्या तोंडातून शब्द फुटंना. मग मीच म्हनले, मावशी, त्याला देवी आल्यात. ती अशी मागं सरली की तिची बांगड्याची दुरडी कलंडली. आजूबाजूची मानसं बी बाजूला झाली. आमाला वाटच मोकळी झाली, मास्तर."

ही गोष्ट सांगताना मात्र त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. बाकी वेळी त्या रागात असायच्या.

तीन दिवस चालून ती तालुक्याच्या गावी पोचली. तिथं कापसाची जिनिंग होती आणि हौसेराव तिथं व्यवस्थापक होते. त्यांनी बयाबाईला पाहिलं, फिटरला बोलावलं आणि करवतीने तिच्या पायातलं कडं कापायला लावलं. मग तिला जिनवर काम दिलं, दत्तूला शाळेत घातलं. मालकाची माणसं शोधत आली, तेव्हा त्यांना फाटकातून परत पाठवलं.

"म्हणजे त्यांनी सोडवलंच की," मी म्हणालो.

गोजराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मशीनवरची धूळ पुसायला लागलो.

"मानूस चांगला व्हता. त्याचे उपकार न्हाई म्हनत न्हाई मी. कडं त्यानं काढलं. पन आमी जिनच्या फाटकाशी पोचलो तवा सुटून तीन दिस झाले व्हते. ते तीन दिस कुनी केले?"

मी नवा कागद चढवला. दुसरा अर्ज मी त्यांच्याच शब्दांत टाईप केला. "खोटे" हा शब्द दोनदा आला.

मार्चमध्ये मी स्वतः त्यांच्याबरोबर संग्रहालयात गेलो. तिथं सुनयना नावाची इतिहास शिकलेली मुलगी काम बघायची. वर्षभरापूर्वी तिनेच गोजराबाईंच्या घरी जाऊन टेपरेकॉर्डरवर त्यांचं सगळं बोलणं घेतलं होतं, त्यामुळे खरं काय ते तिला माहीत होतं. आम्हाला बघून तिने खुर्च्या पुढे केल्या, पाणी मागवलं आणि खाली मान घालून बसली.

"मावशी, मी टेपवरून लिहिलेला मजकूर वेगळा होता. कमिटीत बदलला. पाट्या सगळ्या एकदम बनून आल्या."

"मग बदला."

"मला अधिकार नाही. कमिटीपुढं ठेवते."

"कमिटी कवा?"

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात कमिटीची सभा झाली नाही. मे महिन्यात झाली, तेव्हा पार्किंगच्या प्रश्नातच वेळ गेला. जूनमध्ये इंद्रजितराव परदेशी होते. दर वेळी गोजराबाई आठवडाभर कारखान्यात ब्लेड चालवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून दाराव्याला जायच्या. त्याच अर्जाच्या स्मरणपत्रावर पोच म्हणून गोल शिक्का घेऊन यायच्या. माझ्या टेबलाच्या खणात त्या प्रती साठत गेल्या. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा लेखी उत्तर आलं. तीन ओळींचं. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ लेखी पुरावा सादर करावा.

"पुरावा," गोजराबाई म्हणाल्या. "मायला लिहिता येत नव्हतं. मला येत नव्हतं. वाटेवरच्या कासारनीला येत नव्हतं. पुरावा कुनी लिहायचा?"

उत्तरात आणखी एक वाक्य होतं. सध्याचा मजकूर आपले बंधू श्री. दत्तू यांच्या लेखी निवेदनावर आधारित आहे.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते वाक्य पुन्हा बोट धरून वाचलं. मग कागदाची घडी घालून ती ब्लाऊजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "चला, नेरूळला जाऊ."

दत्तू पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. नेरूळला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. आम्ही गेलो तेव्हा ते बनियनवर पेपर वाचत बसले होते. बहिणीला बघून त्यांनी पटकन शर्ट चढवला.

"अक्का, आधी फोन करायचास."

"तू लिहून दिलं, हौसेरावनं मायला सोडवलं म्हनून?"

"मला जे आठवतं ते लिहून दिलं."

"काय आठवतं तुला?"

दत्तूंनी बायकोला चहा ठेवायला सांगितलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. परक्या माणसासमोर बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, "करवतीचा आवाज आठवतो. माय फाटकाशी खाली बसली होती आणि तो फिटर कडं कापत होता. ते कोट घालून उभे होते. माझ्या हातात त्यांनी गूळ दिला होता. नंतर शाळेच्या फॉर्मवर त्यांनीच सही केली, बापाच्या जागी. मी आज हेडक्लार्क आहे तो त्या सहीमुळे. मी काय खोटं लिहिलं?"

"त्याच्या आधीचं?"

"आधीचं मला फार आठवत नाही." मग थांबून ते म्हणाले, "एकच आठवतं. मी रडत होतो, मला घे म्हणत होतो आणि माय मला घेत नव्हती. तिच्या कडेवर दुसरंच कोणीतरी होतं."

गोजराबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "ते लोढणं व्हतं दत्तू. दुसरं लेकरू नव्हतं. तुला तिनं घ्यावं कसं? तीन दिस मी वाहिला तुला पाठीवर. पाय सुजले माझे."

"तू होतीस, हे मला माहीत आहे," दत्तू म्हणाले. "पण अक्का, आता त्यात बदल करायला लावू नकोस. इंद्रजितराव मला ट्रस्टवर घेणार आहेत. आपल्यातला एक माणूस तिथं असेल. आत गेल्यावर हळूहळू सगळं करता येईल."

चहा आला. गोजराबाईंनी तो घेतला नाही. परत येताना बसमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "मास्तर, गुळाचा खडा ध्यानात राहतो आन पाठ ध्यानात राहत न्हाई, असं कसं?" मी म्हणालो, चार वर्षांचं पोर होतं. त्या म्हणाल्या, "मी बी नऊचीच व्हते."

पुराव्याचा रस्ता सुनयनाने दाखवला. कमिटीत मजकूर बदलला तेव्हा हौसेरावांच्या डायरीचा हवाला दिला होता, असं तिने फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. डायऱ्या ट्रस्टच्या ऑफिसात कपाटात होत्या. मग डायरी बघायला मिळावी म्हणून अर्ज. मग डायरी जीर्ण आहे म्हणून नकार. मग झेरॉक्स मिळावी म्हणून अर्ज. मग झेरॉक्सच्या उजेडाने कागद खराब होतो म्हणून नकार. मग तिथंच बसून, हात न लावता बघू द्यावी म्हणून अर्ज. हा पाचवा. यात सहा महिने गेले. एका अर्जावर पोच देणारा शिपाई म्हणाला, "मावशी, तुमचं काम नाही होणार, उगाच चकरा मारता." गोजराबाई त्याला म्हणाल्या, "तू शिक्का मार."

अखेर एप्रिल १९९८ मध्ये परवानगी आली. इंद्रजितराव स्वतः हजर राहिले. पांढरा सफारी, भारी आवाज, वागायला अदबशीर. "बसा मावशी," म्हणाले. "तुम्ही उगाच टेन्शन घेता. माझे वडील कधी स्वतःचा मोठेपणा सांगणारे नव्हते, ते मलाच सांगावं लागतं."

सुनयनाने डायरी टेबलावर ठेवून पान उघडलं. शाई तपकिरी पडली होती, अक्षर मात्र स्वच्छ. गोजराबाईंनी चष्मा लावला. बोट कागदाला लागू नये म्हणून हवेतच धरून त्या वाचू लागल्या आणि आम्ही सगळे त्यांच्या वेगाने ऐकत राहिलो.

"बया-बाई. सोबत दोन मुले. पायात कडे व लोढणे. तीन दिवस चालत आली. कडे कापून काढविले. जिनवर घेतली."

एवढंच होतं. खालच्या ओळीत कापसाच्या गाठींचा आकडा होता.

गोजराबाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग इंद्रजितरावांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या वडलांनी खरं लिहिलंय. मायचं नाव लिहिलंय. चालत आली, लिहिलंय. हेच पाटीवर लिहा. दुसरं काय नगं. तुमच्या वडलांचंच अक्षर हाय."

इंद्रजितराव हसले, पण त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "मावशी, चालत काय, सगळेच येतात. त्या काळी कुठं गाड्या होत्या. लोकांना त्यात काय कळणार? म्हणून जरा स्पष्ट करून लिहिलं."

"लोढणं घेऊन सगळेच चालतात का?"

"तसं नाही. पण माझ्या वडिलांनी कडं कापलं नसतं, तर?"

"तर आनखी कुनी कापलं असतं. माय थांबली नसती."

सुनयना डायरीचं पान सरळ करत बसली. इंद्रजितरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ. बाहेर आल्यावर मला वाटलं, झालं, काम फत्ते. मी गोजराबाईंना उसाचा रस पाजला. मी तेव्हा फार हलका झालो होतो, याची मला नंतर आठवून आठवून लाज वाटायची.

कारण पुढच्या सभेत विषय आला नाही. त्याच्या पुढच्या सभेत आला तेव्हा दत्तू ट्रस्टवर आले होते. ते काही बोलले नाहीत, असं सुनयनाने सांगितलं. विरोधात बोलले नाहीत आणि बाजूनेही बोलले नाहीत.

मग गोजराबाईंनी सहावा अर्ज दिला. आमची वस्तू आम्हाला परत द्या. त्याचं उत्तर मात्र आठ दिवसांत आलं, दानपत्राच्या झेरॉक्ससकट. वस्तू कायमस्वरूपी दान, परत मागण्याचा हक्क राहणार नाही. खाली त्यांची सही. उद्घाटनाच्या आधी घाईघाईत घेतलेली.

"वाचलं नव्हतं का?" मी विचारलं.

"दोन पानं व्हती. मला येकेक अक्षर लावावं लागतं. ती सुनयना घाईत व्हती, खाली गाडी थांबली व्हती." त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "माझीच चूक हाय ही."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. दोन रविवार त्या माझ्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मी चौकशीला खोलीवर गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, दाराव्याला गेल्यात, संग्रहालयात.

तिथं जाऊन पाहिलं तर बाई काचेच्या पेटीजवळ उभ्या होत्या आणि चार माणसांना गोष्ट सांगत होत्या. आवाज चढवून नाही, घरी सांगतात तसं. पाटीला पाठ करून. कुणी ऐकायचं, कुणी दोन वाक्यं ऐकून जहाजाकडे जायचं. एका शाळेची सहल आली, तर बाई बाजारापर्यंत पोचतात तोच शिक्षकांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना डब्याला नेलं. एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही इथल्या गाईड का? त्या म्हणाल्या, मी लेक.

दुपारी दाराव्याची एक आगरी म्हातारी उन्हातून सावलीला म्हणून आत आली. मासळीची रिकामी पाटी बाजूला ठेवून ती पेटीसमोरच फरशीवर टेकली आणि सगळी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग लोढण्याकडे बघत म्हणाली, "लय जड हाय का गो?"

गोजराबाई तिच्याकडे वळल्या. "हे आजपतूर कुनी विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग तिच्याजवळ खाली बसल्या. "जड व्हतं. दोन वर्साच्या लेकरायेवढं. पन लेकरू मान टाकतं, गळ्याला धरतं. हे धरीत न्हाई, सारखं खाली घसरतं. मायच्या कंबरेची साल निघाली व्हती. मेली तवर तिथं काळा डाग व्हता."

म्हातारीने आपल्या कमरेवर हात ठेवला. "मासळीच्या पाटीचा डाग पन असाच हाय," ती म्हणाली. दोघी पुढं बराच वेळ बोलत बसल्या. मी जहाज बघायला गेलो.

असं त्या दहा-बारा रविवार गेल्या. मग डिसेंबरात दारावर सूचना लागली. अधिकृत मार्गदर्शकाशिवाय कोणीही प्रेक्षकांना माहिती देऊ नये. वॉचमन भला होता. तो त्यांना म्हणाला, "मावशी, तुमी या, बसा, पन बोलू नका. माझी नोकरी हाय." त्याच्या नोकरीकडे बघून त्या बोलायच्या थांबल्या. पण जायच्या. पेटीसमोर स्टूल घेऊन बसायच्या. कोणी विचारलं तरच सांगायच्या. कमी लोक विचारायचे.

त्या सुमारास सुनयनाने नोकरी सोडली. जायच्या आधी ती माझ्या शाळेत आली, गोजराबाईंच्या टेपची एक कॉपी माझ्या हातात ठेवली. "मी सभेत शेवटचं बोलले," ती म्हणाली. "थोडं काहीतरी होईल. पण मावशींना हवं तसं नाही."

तसंच झालं. मार्च १९९९ मध्ये नवी पाटी लागली. गोजराबाईंना पत्राने बोलावलं. मीही गेलो. नव्या पाटीवर लिहिलं होतं, "बयाबाई या वेठबिगार स्त्रीच्या पायातील लोढणे. मराठवाडा, १९५३. बयाबाई आपल्या दोन मुलांसह कै. हौसेराव यांच्या आश्रयास आल्या व बंधमुक्त झाल्या."

गोजराबाईंनी ती तीनदा वाचली. आईच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं आणि काचेवर जरा वेळ तसंच राहिलं. मी म्हणालो, नाव आलं गोजराबाई. अबला गेली. मुक्त केलं तेही गेलं.

"नाव आलं," त्या म्हणाल्या. "आश्रयास आल्या म्हंजी काय? पाखरू वळचनीला येतं तसं? आन मुक्त झाल्या. आपोआप झाल्या का?"

"काय लिहायला हवं होतं?"

"तुमाला सांगून दोन वर्सं झाली, मास्तर. त्यानं लिहिलंय ते. तीन दिवस चालत आली. लई मोठं वाक्य हाय का?"

ऑफिसात दत्तू बसले होते. आता सुट्टीच्या दिवशी तेच तिकडचं कामकाज बघायचे. त्यांनी बहिणीपुढे एक टाईप केलेला कागद सरकवला. "अक्का, बघ, शेवटी झालं की नाही. मी सांगितलं होतं, आत गेल्यावर हळूहळू करतो. इथं सही कर. म्हणजे तुझी फाईल बंद होईल."

कागदावर एकच वाक्य होतं. नवीन पाटीमुळे माझे समाधान झाले असून यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही.

या वेळी गोजराबाईंनी घाई केली नाही. चष्मा पुसला, एकेक अक्षर लावत कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग दत्तूंच्या खिशातलं पेन मागून घेतलं.

"कर सही," दत्तू म्हणाले. "आता किती ताणायचं? लोक मला विचारतात, तुमची बहीण दर रविवारी इथं येऊन काय करते. माझीही काही अडचण समजून घे."

"समजते की," त्या म्हणाल्या. "चार वर्साचा व्हतास तवाबी समजूनच घेतलं."

त्यांनी 'झाले' हा शब्द ठेवला. पुढचं सगळं आडव्या रेघेने खोडलं आणि रेघेच्या वर, पेन दाबून धरत, मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं. खाली नाव लिहिलं. आधी गोजराबाई एवढंच, मग जरा थांबून त्याच्या पुढं 'बयाबाईची मुलगी' असंही लिहिलं. तारीख मला विचारून घातली.

दत्तू म्हणाले, अशाने फाईल बंद होत नाही, ती दर सभेला पुन्हा ठेवावी लागेल.

"ठेव," गोजराबाई म्हणाल्या, आणि त्या कागदाची झेरॉक्स काढून घेऊन तिच्यावर पोच मागितली. दत्तूंनी खणातून शिक्का काढला. तो आपल्याच हाताने मारावा की नाही, या विचारात ते बराच वेळ बसले होते. मग त्यांनी मारला.